फोटोतून कापलेली बाई

१

मोबाईल माझ्या टेबलावर ठेवून सयाजी सुभेदार खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. लेकीचा तो फोटो त्यांना पुन्हा बघायचा नव्हता.

मी बघितला. छताच्या कोपऱ्यातून घेतल्यासारखा फोटो. एक तरुण बाई, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेला. समोर बनियनवरचा तरुण. दोघांची कपाळं एकमेकांना टेकतील इतकी जवळ आलेली, त्याचे हात तिच्या हातांखालून पलीकडे गेलेले. मागे पलंगावरच्या निळ्या गादीचा कोपरा. तेवढंच. फोटो त्या दोघांच्या छातीशी संपत होता.

फोटोतली बाई माझ्या समोरच्या खुर्चीवर बसली होती. प्रांजल. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न कडेगावजवळच्या एका बागायतदार घरात झालं. नवरा ऋषिराज कॅनडात, तिथला कायमचा रहिवासी. लग्न करून महिन्याभरात तो परत गेला आणि बायकोला तिकडे नेण्यासाठी त्यानं स्पॉन्सरशिपचा अर्ज भरला. अर्ज मार्गी लागत आला होता. तेवढ्यात तिकडच्या व्हिसा ऑफिसचं पत्र आलं. लग्न नावापुरतं आहे, बाई सख्ख्या दिराबरोबर बायकोसारखी राहते, अशी निनावी तक्रार आमच्याकडे आली आहे. सोबत हा फोटो आहे. महिन्याच्या आत खुलासा करा.

"ही कुणी केली तक्रार, एवढंच आमाला पायजे," सुभेदार खिडकीकडेच बघत म्हणाले. "फौजेत सारी हयात गेली माझी. समोरनं आलेली गोळी चालती मला. ही असली न्हाई."

मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आता सांगलीला, विश्रामबागेत घरीच बसते आणि परदेशात मुली द्यायच्या असल्या की लोक माझ्याकडून स्थळाची चौकशी करून घेतात. सातारा-सांगलीत हे काम पुष्कळ मिळतं. त्यामुळे घाण बघायची मला सवय आहे. फोटो बघून माझ्याही मनात तेच आलं जे त्या ऑफिसातल्या माणसाच्या मनात आलं असेल. ते मी लपवलं नाही.

"तू यात काय करतेयस?" मी प्रांजलला सरळ विचारलं.

"आत्याबाईंना उचलतोय आम्ही," ती म्हणाली.

मला कळेना. तिनं बोट पुढे केलं आणि मोबाईलच्या काचेखाली, जिथे फोटो संपत होता तिथे, टेबलाच्या लाकडावर ठेवलं.

"त्या इथं आहेत. आमच्या हातांवर. त्यांना कापलंय."

२

राहीबाई, म्हणजे प्रांजलच्या सासूबाई, लग्नानंतर तीन महिन्यांतच अर्धांगाच्या झटक्यानं पडल्या. वाचा गेली, उजवं अंग गेलं. तेव्हापासून त्यांचं न्हाणं, जेवण, कूस बदलणं, सगळं प्रांजल करत होती. कुशीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची निळी गादीही तिनंच मागे लागून मागवली होती.

"फोटो कधीचा आहे, सांगता येईल?"

"येईल. केसांना टॉवेल आहे ना. मी न्हायला बसले होते. आत्याबाई पलंगावरून घसरल्याचा आवाज आला म्हणून तशीच पळत आले. असं एकदाच झालं. वीरधवल भाऊजी तेव्हा रजेवर आलेले. त्यांची रजा संपायच्या आदल्या दिवशीची गोष्ट."

वीरधवल म्हणजे धाकटा दीर, फौजेत नाईक.

"घरात आणखी कोण होतं?"

"कुणीच नाही. मामंजी उसाच्या ट्रॉलीबरोबर कारखान्यावर गेलेले. दिवस मावळताना आले. साक्षी पुण्याला होती, ट्रेनिंगला. भाऊजी रजेवर आले त्याच्या आधीच गेलेली ती."

साक्षी ही वीरधवलची बायको. विश्रामबागेतल्याच एका कॉलेजात शिकवते, आठवडाभर सांगलीत राहते.

"मग फोटो काढला कुणी?"

"कॅमेऱ्यानं," प्रांजल म्हणाली. "आईला बघता यावं म्हणून यांनी खोलीत बसवून घेतलेला. वर, कोपऱ्यात. यांच्या फोनवर दिसतो."

सुभेदार पहिल्यांदा खिडकीपासून वळले. "म्हंजे जावयानंच की. मग आनी काय चौकशी करायची?"

"नाही, पप्पा," प्रांजल म्हणाली. "त्या आठवड्यात त्यांना काहीच दिसत नव्हतं. उसाच्या ट्रॉलीनं रस्त्यावरची नेटची वायर तोडली होती. गावात कुणाचंच नेट चालू नव्हतं."

तिच्या आवाजात नवऱ्याची बाजू राखल्याचं समाधान होतं. ते ऐकताना मला बरं वाटलं नाही. का ते मात्र तेव्हा सांगता आलं नसतं.

३

कॅमेरा बसवणारा इंद्रजित. कुपवाडच्या एमआयडीसीत त्याचं छोटं वर्कशॉप आहे. प्रांजलचं लग्न ठरण्याआधी याच मुलाचं स्थळ तिला सांगून आलं होतं आणि सुभेदारांनी परत पाठवलं होतं. हे मला त्यानं स्वतःच सांगितलं, मी बसायच्या आत.

"म्हणजे तुम्ही माझ्याकडं बघणारच. बघा. पण कॅमेरा बसवला तवा मला ठाऊकबी नव्हतं की ते तिचं घर हाय. दारात गेल्यावर कळलं."

"पासवर्ड तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत हाय. पण नेटच नसंल तर पासवर्ड घिऊन काय करू? नेट नसताना कॅमेरा नुसता आतल्या कार्डावर साठवत राहतो. फोटो तवाचा असंल तर कार्ड हातात घेतल्याबिगर तो कुणाला मिळायचा न्हाई."

"आणि कार्ड कुठे आहे?"

इंद्रजितनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "तेच. फौजी ड्यूटीवर गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच वायर जोडायला गेलो. मोबाईलवर बघितलं तर कॅमेरा चालू, पण कार्ड न्हाई असं दाखवीत हुता. तिच्या सासऱ्यांना, केरबा नानांना म्हटलं, कार्ड कुठं गेलं? तर म्हणले, पोरांनी काढलं असंल. त्या घरात पोरं कुठली आली, मॅडम?"

हे मी प्रांजलला फोन करून पडताळलं. इंद्रजित आला तेव्हा ती खोलीतच होती. तो दारातच उभा राहून मोबाईलवर बघत होता, कॅमेऱ्याला त्याचा हातसुद्धा लागला नव्हता.

म्हणजे ज्या दिवशी फोटो टिपला गेला त्या दिवसापासून वायर जोडली जाईपर्यंत कुणीतरी स्टुलावर चढून कार्ड काढलं होतं. बाहेरचं कुणी नाही. आता प्रश्न होता तो घरातल्यांचा. आणि घरातल्या ज्या बाईवर माझा सगळ्यात जास्त संशय होता, ती पुण्यात होती.

४

साक्षीनं मला बसायला खुर्ची दिली, पण स्वतः उभीच राहिली.

"मला माहितीये तुम्ही काय विचार करताय. प्रांजल गेली की आईंचं माझ्यावर येणार. म्हणून मी तिला अडवलं. बरोबर?"

"बरोबर."

"मग हेही लिहून घ्या की त्या फोटोतला माणूस माझा नवरा आहे. उद्या ही तक्रार त्याच्या युनिटला गेली तर त्याचं काय होईल? मी तिला अडवायला माझंच घर पेटवीन का?" तिचा आवाज चढला नाही. "मी स्वच्छ सांगितलं होतं, मला हे काम जमणार नाही. सांगलीहून बाई ठेवूया, मी आणि वीरधवल खर्च उचलतो. नाना म्हणाले, घरात सून असताना परकी बाई ठेवली तर लोक तोंडात शेण घालतील. ऋषिराज भाऊजींनाही तेच पटलं."

ती पुण्याहून थेट सांगलीला आली आणि गावाकडे गेली ती वायर जोडून झाल्यावर. कॉलेजनं ट्रेनिंगच्या तारखा मला फोनवर सांगितल्या. साक्षी बाजूला झाली.

वीरधवलशी फोनवर बोलले. तो म्हणाला, "मॅडम, वहिनी माझ्या आईचं हागणं-मुतणं काढते. मी वर्षातनं दोनदा येतो आणि तेवढ्यापुरता हात लावतो. मला त्या फोटोची लाज वाटत न्हाई. बाकी सगळ्याची वाटते." कॅमेऱ्यात कार्ड असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं.

ऋषिराज व्हिडिओ कॉलवर आला. चेहरा पडलेला, दाढी वाढलेली, बोलणं मात्र नीट.

"मॅडम, मी खचलोय. प्रांजलवर माझा विश्वास आहे. पण ऑफिसनं नकार दिला तर मी काय करणार? माझ्या हातात काही नाही."

"फोटो कुणाकुणाला पाठवला?"

"फक्त प्रांजलला."

"वडिलांना?"

"नाही, नाही. नानांना दाखवायची हिंमत नाही माझी. त्यांना फक्त एवढंच सांगितलं की कुणीतरी तक्रार केलीय. फोटो त्यांनी बघितलेला नाही."

'माझ्या हातात काही नाही' हे वाक्य त्या कॉलमध्ये तो तीनदा म्हणाला. जेव्हा माणूस खरंच हतबल असतो तेव्हा तो काही ना काही करू बघतो. यानं मला एकदाही विचारलं नाही, की आता काय करायचं.

५

केरबा नानांच्या घरी मी सकाळीच गेले. अंगणात ट्रॅक्टर, ओट्यावर कोच, भिंतीवर ऋषिराजचा बर्फातला फोटो. नानांनी पाणी दिलं, चहा सांगितला आणि डोळे पुसले.

"लय गुणाची पोर हाय, बाईसाहेब. माझी लेकच समजा. तिच्या नावाला हे असं लागलं, मला घास जात न्हाई."

आतल्या खोलीत निळ्या गादीवर राहीबाई पडल्या होत्या. अंगावर स्वच्छ पातळ, केस विंचरलेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं, आणि मग माझ्या मागे, दारात प्रांजल दिसते का ते बघितलं. प्रांजल आठ दिवस माहेरी होती. सकाळ-संध्याकाळ शेजारची तानुबाई येऊन जमेल तेवढं करत होती. खोलीत वास होता.

परत ओट्यावर आले.

"त्या दिवसांत तुम्ही घरी असायचात का, नाना? वीरधवल रजेवर होता तेव्हा?"

"कुठलं वो. ऊस चालला हुता. सकाळी जायाचं ते दिवस मावळता यायाचं. घरात काय चाललंय, मला काय ठावं."

"फोटो बघितलात?"

"राम राम. मी कशाला बघू असलं. पोरानं दावलाबी न्हाई आनी मी मागितलाबी न्हाई."

"पण तुम्हाला काय वाटतं, नाना? काहीतरी असेल का त्यात?"

मी हे मुद्दाम, हलक्या आवाजात विचारलं. नाना जरा पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यांत एकदम एक ओशट चमक आली. सुनेची बदनामी चघळायला मिळाली म्हणून आलेली चमक.

"आता तुमी म्हंताय म्हनून सांगतो. पोरगी चांगली, पर तरनं रगात. न्हाऊन आल्यावर अंग सावरायचं, पदर घ्यायचा, तर केसाला टॉवेल गुंडाळून दिराच्या अंगाला अंग लावून हुभं ऱ्हायाचं. हे कुनाला दिसलं तर कोन चांगलं म्हनंल?"

चहा आला होता. मी कप तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला.

"मी उद्या येते," मी म्हटलं. "प्रांजलला आणि सुभेदारांना घेऊन येते. आणि ऋषिराजला त्या वेळी फोनवर ठेवा."

"कशापायी?"

"तक्रार कुणी केली ते कळलंय मला."

६

दुसऱ्या दिवशी आम्ही ओट्यावर बसलो. सुभेदार ताठ, प्रांजल खाली मान घालून. कोचावर उभा करून ठेवलेल्या मोबाईलमध्ये ऋषिराज.

मी सरळ सुरुवात केली.

"फोटो कॅमेऱ्याच्या कार्डातून निघालाय. नेट बंद होतं, म्हणून तो ऋषिराजनं तिकडून काढलेला नाही, इंद्रजितनंही नाही. कार्ड गेलं तेव्हा साक्षी पुण्यात होती. घरात उरली तीन माणसं. प्रांजल स्वतःच्याच व्हिसावर पाणी ओतणार नाही. वीरधवल स्वतःची नोकरी घालवणार नाही. राहिले नाना."

"काय पुरावा हाय?" नाना म्हणाले. आवाजातलं सगळं पाणी आटलं होतं.

"काल तुम्ही मला टॉवेलचं सांगितलंत. प्रांजल केसांना टॉवेल गुंडाळून दिराजवळ आली ती एकाच दिवशी, घरात दुसरं कुणी नसताना. तुम्ही त्या दिवशी कारखान्यावर होतात, हे तुम्हीच सांगितलंत. फोटो तुम्ही बघितला नाही, हेही तुम्हीच सांगितलंत आणि ऋषिराजनंही. मग टॉवेल तुम्हाला दिसला कुठे?"

सुभेदारांच्या गुडघ्यावरची मूठ आवळली. मी त्यांच्याकडे बघून मान हलवली. ते बसून राहिले.

"तिच्यावर नजर ठेवायची म्हणून काढलंत ना कार्ड?"

"माझं घर हाय," नाना म्हणाले. "माझ्या घरात काय चालतं ते मी बघनार."

"आणि काय दिसलं?"

नाना डोक्यावरची टोपी नीट करायला लागले.

"तुमची बायको पलंगावरून पडलेली दिसली. सुनेनं आणि मुलानं तिला उचललेलं दिसलं. ते बघून तुम्ही बायकोला कापून टाकलंत."

"मी कापलं न्हाई," नाना एकदम म्हणाले. "मला ते मोबाईलवर कापायचं कुठं येतंय."

तेवढ्यावर ते थांबले, पण उशीर झाला होता. प्रांजलनं मान वर केली.

"बरोबर," मी म्हटलं. "कार्ड मोबाईलात घालून आहे तसं चित्र पाठवणं तुम्हाला जमतं, कापता येत नाही. इंग्रजीत तक्रार लिहिता येत नाही. आणि त्या तक्रारीवर अर्जाचा नंबर अचूक घातलेला होता, असं ऑफिसच्या पत्रातच आहे. तो नंबर या घरात दोघांनाच माहीत. एक प्रांजल."

सगळे मोबाईलकडे बघायला लागले. ऋषिराजनं एकदा तोंडावरून हात फिरवला.

"हे बघा," तो म्हणाला, "कुणी काही गैरसमज करून घेऊ नका. मी अर्ज मागे घेतला असता तर लोक म्हणाले असते की बायकोला टाकलं. मला तिला टाकायचं नव्हतं. फक्त थोडा वेळ पाहिजे होता. आई आहे तोवर. ऑफिसनं नाही म्हटलं असतं तर कुणावर दोष आला नसता. नंतर मी परत अर्ज करणारच होतो."

"बायको दिराबरोबर राहते असं लिहून?" मी विचारलं.

"ते... त्याशिवाय त्यांनी मनावर घेतलं नसतं, मॅडम."

त्यानं हे समजावणीच्या सुरात सांगितलं. जसं एखादा माणूस गॅसच्या जोडणीला कुठली कागदपत्रं लागतात ते सांगतो. नोकरीत असताना मी खुनी बघितले, बायको जाळणारे बघितले. त्यांतले पुष्कळ जण पकडले गेल्यावर थरथरत होते. हा थरथरत नव्हता. याला आपण काही वंगाळ केलंय असंच वाटत नव्हतं. त्या ओट्यावरचं पाणीसुद्धा मला नकोसं झालं.

"हिला कोन बघनार हुतं?" नाना आत बोट दाखवून म्हणाले. "सून आनली ती कशासाठी? ती इमानात बसून गेली, मग मी काय करायचं? तुमीच सांगा."

सुभेदार उठले. मला वाटलं, आता हात उचलतात. ते नानांसमोर उभे राहिले आणि त्यांनी फक्त तळहात पुढे केला.

"कार्ड."

नानांनी बंडीच्या खिशातून ते काढून दिलं. इतके दिवस ते जवळ बाळगलं होतं. का, ते मी विचारलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

७

खुलासा पाठवणं आता सोपं होतं. अख्खं चित्र हातात होतं, राहीबाईंसकट. मी प्रांजलला तसं म्हटलं.

"पाठवू की," ती म्हणाली. "माझं आणि भाऊजींचं नाव धुतलं पाहिजे. पण त्याच कागदात हेही लिहा, की अर्ज मी मागे घेतेय. मला त्या माणसाकडं जायचं नाही."

मोबाईलमधून ऋषिराज तिच्या नावानं हाका मारत होता. तिनं मोबाईल पालथा घातला आणि ती आत गेली.

मी दारापर्यंत गेले. तिनं पाणी गरम केलं, सासूबाईंचं अंग पुसलं, चादर बदलली, कूस बदलली. तिला एकटीला ते जड जात होतं, म्हणून मीही हात लावला. राहीबाईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. ओट्यावरचं त्यांनी सगळं ऐकलं असणार. वाचा गेली होती, कान नाही.

"ती रडतिया बघ," मागून नाना म्हणाले. "माझ्यासाठी न्हाई तर तिच्यासाठी तरी ऱ्हा."

प्रांजलनं सासूबाईंचे डोळे पदरानं टिपले. त्यांचा चालता हात हातात घेऊन ती थोडा वेळ बसली. मग नानांच्या बाजूनं, त्यांच्याकडे न बघता बाहेर आली आणि वडिलांच्या गाडीत जाऊन बसली.

साक्षीनं आणि वीरधवलनं आठवड्याच्या आत राहीबाईंना सांगलीला नेलं आणि त्यांच्यासाठी बाई ठेवली. प्रांजल अधूनमधून माहेराहून, खटावकडून एसटीनं येते आणि त्यांना भेटून जाते. ऑफिसनं लेखी कळवलं की तक्रार खोटी निघाली, अर्ज बंद केला. घटस्फोटाचा निकाल अजून लागायचाय. ऋषिराज तारखांना वकील पाठवतो.

मला वाटलं होतं, हे इथं संपलं. गेल्या आठवड्यात दुपारी फोन आला.

"बाईसाहेब, मी केरबा बोलतोय. वळीकलं का?"

मी ओळखलं म्हटलं.

"झालं गेलं सोडा. तुमी कामाच्या पक्क्या हाय, हे मला पटलंय. एक चौकशी करायची हाय. ऋषिराजसाठी स्थळ आलंय. तासगावकडचं. पोरगी नर्सिंग झालेली हाय. माझं बी गुडघं गेल्यात आता, घरात तसली सून आसंल तर बरं पडंल. घरानं नीट हाय का, पोरगी सोसनारी हाय का, तेवढं बघून सांगा. ती निकाल लागल्यावर लगीन करायला तयार हायेत."

मी वही पुढे ओढली आणि शक्य तितक्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "मुलीचं गाव? वडलांचं नाव?"

त्यांनी दोन्ही सांगितलं. वडिलांचं नाव बिरदेव. घर शाळेच्या मागे.

मी तशीच निघाले. उन्हात गाव सुस्त होतं, पण घर लगेच सापडलं. पत्र्याच्या सावलीत बिरदेव बसले होते, मुलगी ड्यूटीवर गेली होती. सोयरिकीसंबंधात आलेय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला आणि त्यांची बायको चहा टाकायला उठली.

"चहा राहू द्या," मी म्हटलं. "दोघंही इथं माझ्यासमोर बसा. मुलाच्या घरचं सांगायचंय."